धोंडाबाई बसली ती जागा

उदगीरच्या मोंढ्यात ग्यानोबाचं उभं आयुष्य धान्य मापण्यात गेलं. हरभऱ्याची, तुरीची मापं मोजताना त्याचा आवाज असा काही लागायचा, की पलीकडच्या आडतीतले हमाल पाठीवर पोतं घेऊन क्षणभर थबकत. पण रविवारी मोंढा बंद, आणि मोंढ्याबरोबर ग्यानोबाचं तोंडही बंद. त्या दिवशी बोलायचं काम मलप्पाकडे.

मलप्पा कापडाच्या दुकानात नोकरीला होता. गिऱ्हाईक बाईनं एक लुगडं मागावं, तर हा गडी ढीगभर उलगडून टाकी आणि प्रत्येकाची वेगळी कहाणी सांगे. बाई लुगडं घेऊन जाई आणि कहाणीही. दोघांना मिसरूड फुटलं तेव्हापासून त्यांचा रविवारचा डोंगर ठरलेला. गावाबाहेर बालाघाटाचा एक फाटा नदीकडे उतरतो. मोठा डोंगर म्हणावा असा काही तो नाही, पण या दोघांना पुरे होता.

श्रावणात चिखलानं जड झालेल्या चपला हातात घेऊन चढायचं. कार्तिकात डोळे पडलेली सीताफळं हेरत, निम्मी खात, निम्मी धोतरात बांधत उतरायचं. माघ सरला की सगळा उतार पळसानं पेटायचा. वैशाखात नदीचे नुसते डोह उरत, तेव्हा डोंगर सोडून काठाकाठानं करंजाच्या सावल्या धरत चालायचं. मलप्पा बोलायचा, ग्यानोबा ऐकायचा. नवरा-बायकोतही इतकं जमत नाही, असं मोंढ्यातले लोक म्हणत.

"काय रं, डोंगरावर बायकू ठिवलीया का दोघांत मिळून?" असंही कुणी म्हणे.

ग्यानोबाची खरी बायको घरी होती. तिचं नाव धोंडाबाई. अंगानं भरलेली, बोलण्यात फटकळ, मनानं लोण्यासारखी. एका वर्षी येळवस, म्हणजे शेतातल्या जेवणाची वेळा अमावास्या, शनिवारी आली. सगळ्या मुलखासारखी यांचीही माणसं शेतात जेवली, आणि तरी भज्जी उरली, उंडे उरले, आंबिलीचं मडकं अर्धं राहिलं. रविवारी पहाटे धोंडाबाईनं मडकं डोक्यावर घेतलं आणि दारात उभी राहिली.

"बगू तरी द्या माझी सवत," ती म्हणाली.

चढणीच्या मध्यावर एक मोठा काळा दगड आहे, वरून सपाट, जात्याच्या पाळीसारखा. तिथवर आले आणि धोंडाबाईनं मडकं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि दगडावर बसकण मारली.

"म्या न्हाई येत बाबा फुडं. माझे पाय गेले."

मलप्पाही धपकन शेजारी बसला. त्यानं बराच वेळ श्वास घेतला, आंबील प्याला, पुन्हा प्याला, आणि मग त्याच्या अंगात त्याचा तो लुगडी उलगडणारा मलप्पा आला.

"अय्यो वैनी! नाव धोंडाबाई, बसल्या धोंड्यावर! आजपासून ह्या दगडाचं नाव धोंडाबाई. तुमचं देऊळ झालं बगा!"

"मेल्या, देऊळ केलास तर निवद बी आनत जा," धोंडाबाई म्हणाली, आणि असं हसली की झाडावरची पाखरं उडाली.

त्या दिवसापासून हे दोघं दोस्त दर रविवारी तिथं थांबत आणि भाकरीचा एक तुकडा दगडावर ठेवत. चेष्टेत सुरू झालेली गोष्ट, पण कधी चुकली नाही.

खरं काय झालं होतं, ते संध्याकाळी घरी मडकं घासताना धोंडाबाईनं नवऱ्याला सांगितलं. "माझ्या पायांला काय धाड भरली? मलप्पाभावजींचं त्वांड पांढरंफट्ट पडलं व्हतं. छातीला हात लावून चालत व्हते. तुमी फुडं, तुमाला काय दिसनार? थांबा म्हनायची त्यांला लाज. म्हनून बसले म्या." आणि मग बोट उगारून म्हणाली, "त्यांला कळू देऊ नगा. गडीमानूस हाय, मनाला लावून घेतील."

ग्यानोबानं कळू दिलं नाही. मलप्पानं पुढं महिनाभरात डॉक्टर केला, तंबाखू सोडली, तब्येत सावरली. आपण त्या दिवशी कुणाच्या दमण्यावर दम खाल्ला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी धोंडाबाई गेली. तेरावं झाल्यावर पहिल्या रविवारी मलप्पा स्वतः दारात आला, ग्यानोबाला हाताला धरून डोंगरावर घेऊन गेला, आणि त्या दगडावर डोकं टेकवून ग्यानोबाच्या आधी तोच रडला. ग्यानोबाला वाटलं, बायको गेली तरी तिला ओळखणारं एक माणूस माझ्याजवळ आहे. तेवढ्यावर तो पुन्हा जेवायला लागला.

या दसऱ्यानंतर मलप्पाचे गुडघे धरले.

"न्हाई जमत आता, ग्यानबा. चढ दिसला की कळ येतीया. तू जा."

ग्यानोबा एकटा डोंगरावर गेला नाही. जोडीदार घरात पडलेला असताना आपण धोंडाबाईला भेटून यायचं, हे त्याला बरं वाटेना. तो दर रविवारी नदीकाठानं सपाटीवर चालायचा आणि येताना निर्गुडीचा पाला खुडून आणायचा. सांजच्याला मलप्पाच्या घरी नेऊन द्यायचा. "उकळून शेक घे. तिला बी ह्याच पाल्यानं आराम पडायचा." मलप्पा पाला घ्यायचा, पिशवी झटकून परत द्यायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "कशाला तरास घेतूस?"

माघ संपता संपता ग्यानोबाला खोकला झाला. तो औषधाच्या दुकानात गेला. तिथला अमरेश नावाचा पोरगेला दुकानदार गोळ्यांची पट्टी कापता कापता हौसेनं म्हणाला, "काका, तुम्ही फिरता ना नदीकडं? एकदा आमच्यासंगं डोंगरावर चला की. दर रविवारी ग्रुप जातो आमचा. काल तर धोंडाबाईच्या मांडीवर बसून आलो!"

ग्यानोबाचा हात गल्ल्यावरच राहिला.

"कुनाच्या?"

"धोंडाबाईच्या. दगड हाय वो! हे बघा." अमरेशनं फोन पुढं केला. काळ्या दगडावर दाटीवाटीनं बसलेली पोरं-पोरी, कुणी जीभ काढलेली, कुणी गाल फुगवून जाडं झाल्याचं सोंग केलेलं. आणि मधोमध, डोक्याला फेटा बांधून, हातात काठी घेऊन, ताठ उभा मलप्पा. "हे आमचे अप्पा. असली गोष्ट सांगत्यात दगडाची, पोट धरून हसाल. दसऱ्यापासून एक रविवार चुकला न्हाई त्यांचा."

दसऱ्यापासून.

गोळ्या घेऊन ग्यानोबा घरी आला. कोपऱ्यात निर्गुडीच्या पाल्याची पिशवी टांगलेली होती, तिच्याकडे बघत बसला. सून तनुजा म्हणाली, "मामा, जेवायला वाढू का?" तर म्हणाला, "भूक न्हाई." दोन-तीनदा तो मलप्पाच्या घराच्या वळणापर्यंत गेला आणि तिथूनच परतला. विचारायचं तरी काय? गुडघे कसे आहेत?

पुढच्या रविवारी उजाडायला तो डोंगराच्या पायथ्याशी उभा होता. गाड्या आल्या, माणसं उतरली. मलप्पा उतरला, त्यानं ग्यानोबाला पाहिलं, आणि हातातली काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"अरे... ग्यानबा. आज इकडं?"

"तुजे गुडगे बरे दिसत्यात," ग्यानोबा म्हणाला. एवढंच.

"तसं न्हाई... ही पोरं ऐकंनात रे. घरी येऊन बसली. मग म्हनलं..."

"चल. उनं होतील."

चढण सुरू झाली. पळस ऐन बहरात होता, वाट फुलांनी तांबडी झाली होती. मलप्पा काठीनं वाटेवरची फुलं बाजूला सारत चालला होता. दगडाजवळ आले तेव्हा तर तो थांबेचना, काठी टेकत पुढंच निघाला. पण मंडळी कुठं सोडतात?

"अप्पा, गोष्ट! धोंडाबाईची गोष्ट! नवीन मंडळी आलीत आज."

मलप्पानं ग्यानोबाकडं पाहिलं. ग्यानोबा बाजूला पळसाच्या खोडाला टेकून उभा होता. त्यानं हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. अजून एक आशा त्याला होती. मलप्पा म्हणेल, आज नको. नाहीतर नाव न घेता भलतीच कहाणी सांगेल. कहाण्यांना त्याच्याकडे काय तोटा?

पण समोर वर्तुळ करून बसलेली माणसं आणि त्यांचे आपल्यावर लागलेले डोळे, यापुढं भल्याभल्यांचा पाय घसरतो. मलप्पानं खाकरून घसा साफ केला.

"तर मंडळी, एक होती बाई. अशी जाड, अशी जाड, की तिनं डोंगर चढायचा ठरवला तर डोंगरच म्हनला, बाई, मीच खाली येतो!"

हशा उसळला. मग मलप्पानं कंबरेवर हात ठेवून तिची चाल करून दाखवली. डोक्यावरचं मडकं केलं, डुलणं केलं, आणि शेवटी दगडावर धपकन बसून, तिचाच आवाज काढून ओरडला, "माझे पाय गेले गं बाय!" आवाज हुबेहूब होता. पुनम नावाची एक मुलगी हसून हसून डोळे पुसायला लागली. धोंडाबाई गेल्यापासून तो आवाज ग्यानोबानं ऐकला नव्हता. तो असा ऐकायला मिळाला.

हसणं ओसरल्यावर पुनमनं विचारलं, "अप्पा, खरंच होती का हो अशी बाई?"

मलप्पा गडबडला. "आता... ह्ये आमचे ग्यानबा बी हाईत जुने. त्यांला इचारा."

सगळ्या माना वळल्या. ग्यानोबाच्या जिभेवर सगळं आलं होतं. कुणाचं तोंड पांढरं पडलं होतं, कोण छातीला हात लावून चालत होतं, कुणाची लाज राखायला कोण खाली बसलं होतं. मोंढ्यातल्या त्याच्या आवाजात एकदा सांगितलं असतं, तर मलप्पाला पुन्हा या डोंगराकडं तोंड करता आलं नसतं.

"न्हाई पोरी," तो म्हणाला. "अशी बाई नव्हती."

मंडळी पुढं निघाली. मलप्पा मागं रेंगाळला आणि जवळ आला.

"राग मानू नगस, ग्यानबा. मानसं हसत्यात, तेवढंच. वैनींना बी हसू आलं असतं." मग तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "म्या काय खोटं सांगितलं का? दमूनच बसल्या व्हत्या न्हवं त्या?"

ग्यानोबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरचा घाम, बांधलेला फेटा, उत्तराची वाट बघणारे डोळे. हाच माणूस या दगडावर डोकं ठेवून रडला होता.

"हाव," तो म्हणाला. "दमली व्हती."

मलप्पाचा चेहरा उजळला. "तेच तर म्या सांगतो," असं म्हणत तो झपाझप वर गेला.

ग्यानोबा नदीच्या बाजूनं खाली उतरला.