ईदच्या सकाळी बंद झालेला व्हॉल्व्ह

जिन्यात पाच-सहा पुरुष उभे होते. कमरेला लुंगी, अंगभर साबण, आणि तोंडावर असा राग की मी डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नाही.

"आला! भोईर आला!" वरून कोणीतरी ओरडलं.

नाटकात नायकाची एंट्री व्हावी तशी माझी झाली. फरक एवढाच, की प्रेक्षक मारायला उठले होते.

भिवंडीतली चार मजली बिल्डिंग, ईदची सकाळ. ईदगाहवर नमाज ठरलेल्या वेळी उभी राहते. ती चुकली तर घरी एकट्याने उरकता येत नाही, आणि आंघोळीशिवाय कोणी निघत नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली, पण नळाला थेंब नाही. कारण टाकीच्या खाली मी बसवलेलं मशीन.

आधी धंदा सांगतो. टाकीतून जो मोठा पाईप खाली उतरतो, त्यावर आम्ही दोन वस्तू बसवतो. एक फ्लो मीटर. किती पाणी चाललंय ते तो मोजतो. दुसरा मोटरवाला व्हॉल्व्ह, म्हणजे आपला आपण फिरणारा कॉक. पाणी नेहमीपेक्षा वेगळं वाहायला लागलं की मशीन समजतं, पाईप फुटला, आणि कॉक बंद करून टाकतं. आता 'नेहमीचं' म्हणजे काय, हे त्याला आपण सांगायचं नसतं. ते स्वतः शिकतं. सुरुवातीचे काही आठवडे ते काही करत नाही, नुसतं बघत बसतं. कोण कधी उठतं, कधी भांडी घासतं, घरात आलेल्या नव्या सुनेसारखं. याला कंपनीत लर्निंग पिरियड म्हणतात.

हे मशीन बसलं ते फारूकचाचांच्या हट्टामुळे. चाचा पहिल्या मजल्यावर राहतात आणि खाली त्यांचं कोऱ्या कापडाचं गोदाम आहे. लूमवरून उतरलेलं, अजून न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या जुलेखाखाला, पाणी आलं नाही म्हणून नळ उघडा ठेवून, लग्नाला गेल्या. मागून पाणी आलं. मोरी तुंबलेली होती. सगळं पाणी झिरपत झिरपत चाचांच्या ताग्यांवर. कापडाला बुरशी धरली, व्यापाऱ्याने माल परत पाठवला, आणि चाचांनी खालांशी बोलणं टाकलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चाचांनी अक्षरशः हात जोडले होते. "अजून एकदा माल भिजला तं मी धंद्यातनं उठलो."

"आमच्या नळावर पोलीस कशाला?" खाला म्हणाल्या होत्या. पण त्या चाचांकडे नाही, भिंतीकडे बघून म्हणाल्या.

शेवटी मशीन बसलं, एका अटीवर. त्रास झाला तर काढून टाकायचं.

आणि आता हा त्रास, तोही ईदला. सेक्रेटरी इम्तियाज एका गालावर फेस घेऊन पुढे आला.

"चाचांनीच बंद केलं. बदला घेतला, दुसरं काय!"

तेवढ्यात पहिल्या मजल्याचं दार उघडलं. फारूकचाचा बाहेर आले. दाढीला फेस, डोक्याला फेस, एक डोळा मिटलेला.

"अरे अकलेच्या कांद्यांनो, मना बंद करायचं असतं तं आधी माझी आंगोळ नसती उरकली?"

मी हसलो. वरच्या पायरीवरचे दोघेही हसले. पण इम्तियाज हसला नाही.

"मशीन तं तुमचंच ना, चाचा?"

चाचांनी मान खाली घातली. साबण डोळ्यात उतरत होता, तो त्यांनी पुसला नाही. मला त्या क्षणी मशीनची नाही, चाचांची काळजी वाटली.

गच्चीवर पळालो. व्हॉल्व्हच्या पेटीची चावी माझ्याकडेच असते, नाहीतर वॉचमनपासून सगळे कॉक फिरवून बघतात. पुण्याला साहेबांना फोन लावला.

"सर, भिवंडीत व्हॉल्व्ह बंद झालाय."

"म्हणजे लीकेज असणार. मशीन उगाच बंद करत नाही. प्रत्येक फ्लॅट चेक कर, मगच रिसेट."

नियम म्हणजे नियम. मी धावत फ्लॅट बघितले. मोऱ्या बघितल्या, भिंतींना हात लावून बघितला, पाईप उतरतात त्या डक्टमध्ये टॉर्च मारला. सगळं कोरडं. बिल्डिंगमध्ये ओली होती ती फक्त माणसं.

"भोईरभाय, साबण सुकून खाज सुटली!" चौथ्या मजल्यावरून आवाज आला.

परत गच्चीवर येऊन मोबाईलवर मशीनचा ग्राफ उघडला, आणि मी तिथेच टाकीला टेकून बसलो. मशीन लावलं होतं नेमकं रमजान लागताना. त्याने काय पाहिलं? पहाटे सहेरीला, म्हणजे रोजाआधीच्या जेवणाला, नळ जोरात. मग सकाळभर बिल्डिंग गाढ झोपेत. दुपारी चूल थंड. सूर्य मावळला की पुन्हा धबधबा. महिनाभर हेच बघून ते शहाणं झालं, आणि चाँदरातीला ॲपवर मेसेज आला, 'लर्निंग कम्प्लीट'. दुसऱ्याच सकाळी, ज्या वेळी एरवी एक नळ उघडत नव्हता, त्या वेळी सगळ्या घरांचे नळ एकदम सुटले. मशीनच्या हिशेबाने बिल्डिंग फुटली होती!

"सर, सापडलं."

"लीकेज? कुठे?"

"बाथरूममध्ये."

"कोणत्या?"

"सगळ्या. माणसं आंघोळ करतायत सर. आज ईद आहे."

पलीकडे साहेबांनी घसा साफ केला. मग हळूच, "रिसेट कर."

कॉक फिरवला. पाईप घोगरला, आणि खालून आरोळी उठली. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावरही एवढी उठली नसेल. थोड्या वेळात नवे कुर्ते, अत्तर आणि ओले केस धडाधडा जिना उतरून गेले. चाचा सगळ्यात शेवटी गेले. नमाज सगळ्यांना मिळाली.

मी थांबलो. ईदच्या दिवशी त्या बिल्डिंगमधून उपाशी जाण्याइतका मी प्रामाणिक नाही.

मंडळी परतली. जिन्यातच गळाभेटी सुरू झाल्या. इम्तियाजने चाचांना मिठी मारली, पण सोडताना म्हणाला, "मुबारक, चाचा. मात्र मशीन उद्या काढतो. अट होती."

"काढा," चाचा म्हणाले, आणि गोदामाच्या शटरकडे बघत राहिले.

जुलेखाखाला शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन उतरत होत्या. एक माझ्या हातात दिली. "काय बिघडलं होतं तुझ्या पोलिसाचं?"

मी सगळं सांगितलं, सहेरी, झोप, इफ्तार, हातवारे करून. खाला पायरीवर बसूनच हसल्या. डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे महिनाभर त्याने आमच्यासंगं रोजे धरले?"

"एकही चुकवला नाही."

"मग इम्तियाज, रोजेदाराला ईदच्या दिवशी घराबाहेर काढतोस? कुछ शरम कर!"

सगळा जिना हसला. इम्तियाजही. त्या हसण्यातच खालांनी एक वाटी फारूकचाचांपुढे धरली. त्यांच्याकडे न बघता.

"थंड होतंय."

चाचांनी वाटी घेतली. एक चमचा खाल्ला. "साखर कमी हाय."

"पुढच्या ईदला जास्त घालीन."

मशीन अजून तिथेच आहे. त्याचं सगळं शिक्षण मी पुसलं आणि ईदनंतर पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवलं. आता ऑर्डर घ्यायला गेलो की पाईपचं माप मी नंतर विचारतो. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. मशीन हुशार असतं, पण त्याला कोणत्या महिन्यात शाळेत घालायचं, ते माणसालाच कळावं लागतं.