शंकरपाळ्याच्या दोन वाटा

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास आमचे हे अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मेकॅनिक होते. कापसाची बैलबंडी फाटकातून आत आली की त्या कापसाची गाठ बांधून होईपर्यंत काय काय घडतं, ते चौकटी आणि बाण काढून दाखवायची एक भाषा ते नागपुरास शिकून आले, आणि आमच्या घराचं काही खरं राहिलं नाही. चौकट म्हणजे काम, बाण म्हणजे पुढची पायरी, तिरपा चौकोन म्हणजे प्रश्न. त्या तिरप्या चौकोनाला मी पहिल्याच दिवशी शंकरपाळा म्हटलं. पुढे जिनातले फिटरही तेच म्हणू लागले.

चहासुद्धा माणसाने सरळ करू नये? चुलीपुढच्या फरशीवर खडूने चौकट: पाणी ठेवा. खाली शंकरपाळा: उकळलं का? एकदा चिडून मीच आकृती काढली. शंकरपाळ्यात ‘जेवता का?’ आणि बाण एकच, ‘होय’चा. हे पोट धरून हसले. म्हणाले, "शंकरपाळ्याले दोन वाटा पायजेत. एकच वाट असन, तर मंग इचारतं कावून?"

पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताला अक्षरं जमेनात. मी काहीही विचारलं की मान होकारार्थी हलायची. दुखतं का? होय. बरं वाटतं का? तेही होय. माझं मन राखणं चाललं होतं, आणि मला त्याचा भारी राग यायचा. आकृतीत मात्र ते कधी खोटं बोलले नव्हते. म्हणून मी पाटी आणली.

पाटीवर चौकट काढली: दवाखाना. खाली शंकरपाळा: बरे होऊन घरी येता ना? ‘होय’चा बाण घराच्या चौकटीकडे नेला. ‘नाही’च्या बाणापुढे काही काढायला हात धजावला नाही. पाटी त्यांच्यापुढे धरली.

बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग डाव्या तळहाताने ‘होय’चा बाण पुसून टाकला. मी खडू घेऊन तो पुन्हा काढला. त्यांनी पुन्हा पुसला, ‘नाही’ची एकच वाट ठेवली, आणि त्याच खडूने माखलेल्या हाताने माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही.