मामाचा वन्स मोअर

माझ्या मामाइतका उत्तम श्रोता कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी देवाला प्रार्थना करणारेही कमी नव्हते. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. कुळगावात त्याचं घर, भाताची चार खाचरं आणि बाकी सगळा वेळ रिकामा. हा रिकामा वेळ त्याने जन्मभर एकाच कामी लावला. नाटक असो, गाणं असो, कीर्तन असो, मामा दुसऱ्या रांगेत जाऊन बसायचा आणि मनाजोगतं काही कानावर पडलं की वन्स मोअर द्यायचा. तसा वन्स मोअर त्या काळी पुष्कळ जण द्यायचे. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांनी ओरडायचं आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं, हा रिवाजच होता. पण बाकीचे नुसते ओरडायचे. मामा आधी उपरणं सारखं करायचा, घसा साफ करायचा, उजवा हात वर न्यायचा, मग 'वन्स' हलकेच उचलायचा आणि 'मोअर' एवढा लांबवायचा की तेवढ्यात पेटीवाल्याने घाम पुसून घ्यावा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. हे दोन शब्द मराठीच आहेत, अशी त्याची समजूत होती आणि ती मोडायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मामाला नाटक आणि संसार यांत फरक करता येत नसे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, नवरानवरी हार घेऊन उभी, आणि वराकडच्या एका आत्याबाईंनी थरथरत्या आवाजात स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. ते संपतंय तोच मामाने वन्स मोअर दिला. आत्याबाईंना जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि आग्रह नसताना आणखी दोन म्हटली. इकडे भटजी घड्याळ दाखवून खुणा करताहेत, नवरीचे हात भरून आलेत, पण आत्याबाई थांबायला तयार नाहीत. मुहूर्त टळलाच. वडील मंडळी मामावर जी उखडली ती पंगत बसेपर्यंत शांत झाली नाहीत. मामा म्हणाला, "मुहूर्त काय, पुढचा येतो. त्या बाईचा आवाज आज लागला होता." संसार छान झाला हो त्या नवरानवरीचा, पण म्हणून काय झालं? पुढे शाळेच्या समारंभात हेडमास्तरांनी आभाराचं भाषण केलं, त्यालाही याने वन्स मोअर दिला. हेडमास्तर भला माणूस, त्याने ते पहिल्यापासून पुन्हा केलं. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही कार्य निघालं की नारळ-सुपारीच्या जोडीने आणखी एक प्रश्न ठरलेला असे: मामाला कुठे बसवायचं?

बरं, एवढं असून गाण्याची पारख म्हणाल तर आनंदच. कल्याणला मोठी नाटक कंपनी आली, नावाजलेला गवई नट गायला लागला, सगळं थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी, तेव्हा हा गृहस्थ खाली मान घालून सुपारी कातरत बसलेला. आणि तिसऱ्या अंकात कुणी म्हातारा नट द्वारपाल होऊन आला, दोन ओळी कशाबशा म्हणून निघाला, त्याला मात्र याचा वन्स मोअर. म्हातारा बावरला, मालकाकडे बघू लागला, लोक हसायला लागले. वडील म्हणाले, "तुमच्या बंधुराजांचे कान उलटे बसवलेत." आईलाही तसंच वाटत असावं.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तेव्हा कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत राहत होती. त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. मामा तिथे सदऱ्याचं कापड घ्यायला म्हणून गेला. दोन बराकींच्या मधल्या जागेत संध्याकाळचा एक माणूस पायांत घुंगरू बांधून नाचत गात होता. भगत म्हणतात त्याला त्यांच्यात. मामा कापड विसरला आणि दुसरी रांग शोधून बसला. पद संपलं, याने हात वर केला आणि दिला ठेवून. गाणारा थबकला. या नव्या मुलुखात आपलं काय चुकलं, हेच त्याला कळेना. शेवटी कापडवाल्याने समजावलं, "साईं, ये बोलता है, फिर से गाओ." गाणाऱ्याने मामाला विचारलं, "समझा क्या?" मामा म्हणाला, "एक अक्षर नहीं समझा. इसी वास्ते तो बोला." सगळी बराक हसली. मग त्या माणसाने ते पद पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला काही म्हाताऱ्या बाया पदराने डोळे टिपत होत्या. मामा घरी आला तो कापडाऐवजी पापडांची चळत घेऊन. त्यानंतर कॅम्पात तो 'वन्समोर साईं' झाला आणि त्याला पापड कधी विकत घ्यावा लागला नाही.

पण काळ काही मामासाठी थांबणारा नव्हता. आधी आला तंबूतला सिनेमा. मामा हौसेने गेला, पहिल्याच गाण्याला त्याने वन्स मोअर दिला आणि पडद्यावरची बाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुढच्या भांडणाला लागली. मामाने दुसऱ्यांदा दिला. मग उठून तडक यंत्रवाल्याकडे गेला. यंत्रवाला म्हणाला, "चाचा, रीळ पीछे नहीं जाता." मामा तसाच आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "एवढा खर्च करतात, गाणारी माणसं ठेवतात, आणि ऐकायला कुणी ठेवत नाहीत." त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं त्या दिवशी.

आणि मग नाटकंच बदलली. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो; वडील तिथे सुपरवायझर. वसाहतीच्या गणेशोत्सवात दरवर्षी संगीत नाटक व्हायचं आणि पॅकिंग खात्यातले एक गृहस्थ नायिका व्हायचे. दरवर्षी त्यांची कंबर एकेक पट्टा ओलांडत गेली, पण शालू नेसले की ते अजून लाजत मात्र छान. मग ड्रॉइंग ऑफिसात पुण्याचा एक तरुण आला. चष्मा, झोळी, आणि डोक्यात नवं नाटक. त्याने फर्मानच काढलं: पदं नकोत, राजवाड्याचे रंगवलेले पडदे नकोत, विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर नको, ज्याने त्याने आपली संवादांची नक्कल पाठ करायची. आणि बायकांची कामं बायकाच करतील. पॅकिंगवाले गृहस्थ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नायिकेसाठी त्याने विचारलं माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला.

घरात गहजब झाला. शालूने अन्न सोडायचं तेवढं बाकी ठेवलं. नाटकात काम करायचं हे तिच्या मनात शाळेपासून होतं, फक्त तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवसांनी वडिलांनी हो म्हटलं, पण अट घातली. "लोक हसले, तर हे पहिलं आणि हेच शेवटचं. मग पुन्हा माझ्यासमोर नाटकाचं नाव काढायचं नाही." वडील एकदा बोलले की बोलले. हे शालूला माहीत होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि लोक हमखास कशाला हसतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना एकदमच मामा आठवला.

दिग्दर्शक स्वतः मामाला भेटायला घरी आला. फार अदबीने म्हणाला, "मामा, हे गद्य नाटक आहे. प्रेक्षकांनी मध्ये काही बोलायचं नसतं." मामाने विचारलं, "श्वास घेतला तर चालेल ना?" "हळू घ्या," तो म्हणाला. गंमत म्हणजे तो थट्टा करत नव्हता. तो गेल्यावर आईने मामाला पाटावर बसवलं आणि शपथ घ्यायला लावली, तीही शालूच्या गळ्याची. "दादा, पोरीचं सगळं यावर आहे. तोंड उघडायचं नाही." मामाचा चेहरा उतरला. पण त्याने शालूच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "नाही उघडणार."

प्रयोग संध्याकाळी. मांडवात कर्णे, विजेचे दिवे, पुढे कारखान्याचे अधिकारी. वडील पहिल्या रांगेत, कोट घालून, गुडघ्यांमध्ये छत्री उभी धरून. मामा दुसऱ्या रांगेत, आणि गालात सुपारीची एवढी फक्की की हा माणूस दाढदुखीने आलाय असं कुणालाही वाटावं. शपथेची खात्री नव्हती म्हणून त्याने ही योजना केली होती. दोन अंक झाले. मामा गप्प. त्याचा उजवा हात दोनदा वर निघाला आणि दोन्ही वेळा त्याने तो डाव्या हाताने धरून खाली आणला. मी त्याच्या शेजारीच होते. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

तिसऱ्या अंकात शालूचं मोठं भाषण होतं. सासरी जाचलेली मुलगी बापाला सांगते की मी परत जाणार नाही, नोकरी करीन. शालू बोलायला लागली आणि मांडव शांत झाला. निम्मं भाषण झालं असेल, तोच मांडवामागच्या रुळांवरून मालगाडी आली, लांबलचक, शिट्ट्या घालत. शालूने शहाणपणाने वाक्य थांबवलं. गाडी जाईपर्यंत उभी राहिली. गाडी गेली आणि पुढचं वाक्य घेऊन गेली. शालूचे ओठ हलले, शब्द येईना. विंगेत प्रॉम्प्टर नाही. बापाचं काम करणाऱ्याला स्वतःचंच आठवेना. मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू रांगा ओलांडत पुढे यायला लागलं. वडिलांनी छत्री उचलून मांडीवर घेतली. ते उठणार होते, मला दिसत होतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले, पण देवाचंही नाव आठवेना.

मामाने शांतपणे सगळी सुपारी रुमालात काढली. उपरणं सारखं केलं. उभा राहिला, उजवा हात वर नेला आणि असा वन्स मोअर दिला की कर्णे फिके पडले.

सगळा मांडव वळला. जे हसू शालूच्या वाट्याला जायचं ते सगळं मामावर येऊन पडलं. "अहो, गाणं नाहीये ते," "बसा खाली, मामा," असे आवाज उठले. मामा बसला नाही. हात वर धरून उभाच. तेवढ्यात तिकडे शालूने श्वास घेतला. तिने भाषण पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि उतारावरून धावत आल्यासारखी त्या विसरलेल्या वाक्यावरून पार पलीकडे गेली. भाषण संपलं तेव्हा जशा टाळ्या पडल्या तशा मी नंतर मोठमोठ्या थिएटरांतसुद्धा फार ऐकल्या नाहीत. वडिलांनी छत्री खाली ठेवली. घरी येताना ते आईला म्हणाले, "गद्य भाषणाला वन्स मोअर मिळाला आपल्या शालूला. साधी गोष्ट नाही." ती हसण्याची अट पुन्हा कुणी काढली नाही. दिग्दर्शक तेवढा फुरंगटला होता. पुढच्या नाटकाला मात्र त्याने विंगेत प्रॉम्प्टर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा कुळगावहून हजर. हातात ज्येष्ठमधाची पुडी. गळ्याची शपथ मोडली, तेव्हा शालूच्या गळ्याला काही व्हायला नको, म्हणून त्याने तिला समोर बसवून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. शालू गुळण्या करता करता म्हणाली, "मामा, तुला कळलं होतं ना मी विसरले ते?"

"छे," मामा म्हणाला. "मला आवडलं म्हणून दिला."

मग सुपारी कातरत, कुणाकडे न बघता, तो म्हणाला, "मीसुद्धा गेलो होतो गं कंपनीत, एक महिनाभर. द्वारपाल. दोन ओळींचं पद होतं. म्हटलं, आणि उभा राहिलो. वाटलं, येईल आता कुणाचा तरी आवाज. नाही आला. मालक विंगेतून खुणा करत होता, आत ये म्हणून. टाळ्या नको होत्या मला. कुणीतरी परत म्हण म्हणायला हवं होतं, एकदा."

त्या कल्याणच्या म्हाताऱ्या द्वारपालाची आठवण मला झाली, आईलाही झाली असणार. शालू म्हणाली, "म्हण ना ते पद."

मामाने आढेवेढे घेतले आणि म्हटलं. काय सांगू, कंपनीच्या मालकाचं चुकलं नव्हतं. सूर एकीकडे, मामा दुसरीकडे, आणि ताल तर घरी आलाच नाही. पद संपलं. मामा अडकित्ता शोधायला लागला. आणि तेवढ्यात वर्तमानपत्राच्या आडून, ज्यांनी जन्मात कधी गाण्याला मान डोलावली नव्हती, त्या आमच्या वडिलांचा आवाज आला.

"वन्स मोअर."

मामाने दचकून मागे वळून पाहिलं, कुणासाठी आहे म्हणून. मागे नुसती भिंत होती. मग त्याला कळलं. त्याने उपरणं डोळ्यांना लावलं, घसा साफ केला आणि ते पद पुन्हा म्हटलं. या वेळी पहिल्याहून वाईट.

मामाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गाणी डब्यांत भरून मिळतात, हवं तितक्यांदा वाजवा. नाटकांचे प्रेक्षक शिस्तीचे झालेत. मी नाटकाला जाते तेव्हा शक्यतो दुसऱ्या रांगेचं तिकीट काढते, आणि कधी कधी वन्स मोअर ओठांवर यायला लागतो म्हणून सुपारीची डबी जवळ ठेवते. गेल्या खेपेला डबी घरी विसरले. तिसऱ्या अंकात एक कोवळा मुलगा आला, दोन ओळी गायला, जरासा बेसूरच, आणि निघाला. माझा उजवा हात कधी वर गेला आणि वन्स मोअर कधी दिला गेला, मलाच कळलं नाही. सगळ्या रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगा रंगमंचावर थांबला, आणि त्याने मागे वळून पाहिलं, कुणासाठी आहे म्हणून.