आधी एक केस वाटीत

माझ्या नणंदेनं मला दोन वर्षं फसवलं. ओट्यावर खाट टाकून बांगड्या विकल्या तिथपासून नागरवाड्यात स्वतःचं दुकान होईपर्यंत मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना रडवलं आहे, आणि मला शेवटी फसवलं कोणी, तर जिला खोटं बोलता येत नाही म्हणून अर्धं बडोदं साक्षीला बोलावतं त्या बाईनं.

त्या माझ्याहून धाकट्या, पण नणंद म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, लग्न केलं नाही, गोत्रीला दोन खोल्यांचा फ्लॅट. जगातली कुठलीही गोष्ट आधी चिमूटभर करून बघितल्याशिवाय त्या करत नाहीत. फ्लॅटला रंग द्यायचा होता तेव्हा कपाटामागची वीतभर भिंत रंगवून घेतली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कपाट सरकवून ती बघत बसल्या. तोवर रंगारी मांजलपूरला दुसऱ्या कामावर निघून गेला. तरुणपणी एक स्थळ आलं होतं, चांगलं रिफायनरीतल्या नोकरीचं. वन्सं त्या माणसाबरोबर फक्त एकदा भाजी आणायला गेल्या, परत येऊन म्हणाल्या, "वांगी दाबून बघत नाहीत," आणि तो विषय कायमचा मिटला. भाव करणं तर त्यांना ठाऊकच नाही. भाजीवाली दहा म्हणाली की या दहा काढून देतात, आणि ती बिचारी इतकी गोंधळते की वर मूठभर कोथिंबीर टाकते. मी शेजारी उभी राहून घसा कोरडा केला तरी मला कधी तेवढी कोथिंबीर मिळालेली नाही. भांडतही नाहीत. मी तावातावानं बोलत असते आणि त्या चष्मा पुसत गुजरातीत म्हणतात, "शांती राखो, वहिनी."

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. केबलवर कुठलीशी परदेशी म्हातारी गुलाबाची छाटणी करताना दिसली, तिचे केस फिके जांभळे होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मलाही तसे केस हवेत, असं वन्संनी जेवताना जाहीर केलं. रंग नक्की कसा, म्हणून विचारलं तर ताटातला कांदा उचलून पाकळीची कड दाखवली. "हा." त्यांचे केस कमरेपर्यंत, दाट, आणि गेली बारा वर्षं दर महिन्याला माझ्या दुकानातली काळी मेंदी लावून काळेभोर केलेले. माझा नवरा म्हणाला, आता नवरात्रात गरब्याला वेगळी रोषणाई नको. वन्सं रागावल्या नाहीत. त्यांनी वही काढली.

मग सायबर कॅफेतून कागद छापून आणले, अलकापुरीतल्या एका पार्लरवालीला प्रश्न विचारून जेरीला आणलं. आम्हालाही सगळं ऐकावं लागलं. काळ्यावर फिका रंग बसत नाही, आधी काळा उतरवावा लागतो, आणि तो एकाच बैठकीत उतरवू बघणारा माणूस केसांचा वैरी. दोन बैठकांत काही आठवडे जाऊ द्यायचे. आधीचे दोन दिवस डोकं धुवायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, हातमोजे घालायचे, टाळूपासून दोन बोटं सोडून सुरुवात करायची. कानामागे रंगाचा थेंब लावून दोन दिवस वाट बघायची. ते दोन दिवस त्या शाळेत मान वाकडी करून हिंडल्या, आणि मुलींना वाटलं बाईंची मान लचकली. आणि सर्वांत आधी कंगव्यात आलेले चार केस काचेच्या वाटीत ब्लीचमध्ये टाकून बघायचे. कारण मेंदीत धातूचे क्षार मिसळलेले असले तर केस तापतो आणि जळतो, डोक्यावर असला तरी.

म्हणून वन्सं दुकानात आल्या, नेमक्या दिवाळीच्या गर्दीत. "वहिनी, ही मेंदी नुसत्या पानांची ना?" हळूच विचारलं, पण चार गिऱ्हाइकांनी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला. "माझ्या मुलांची शपथ, वन्सं. पानांशिवाय दुसरं काही निघालं तर दुकानाला कुलूप लावीन." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, पाकीट घेतलं, सांगितले तेवढे पैसे दिले आणि गेल्या.

दोन महिन्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या तेव्हा डोक्यावर केस पेरभर उरले होते. उकडतं म्हणून कापले, म्हणाल्या. जानेवारीत. आणि मी, तराजूचा काटा केसभर हलला तरी जिला कळतं, मी ते मानलं. वर बायकांसमोर म्हटलं, "वन्सं, नवसाचं मुंडण का? आता गजरा कानाला बांधायचा." सगळ्या हसल्या. वन्संही हसल्या.

केस वाढले, शाळा सुटली, आणि आठवडे मोजत, थांबत थांबत त्यांनी ते कांद्याच्या रंगाचे केलेच. एक केस तुटला नाही. काळी मेंदी मात्र दर महिन्याला नेत होत्या. मला वाटायचं कुणा शेजारणीला देतात.

मग त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खांदा मोडला. मी त्यांचे कपडे आणायला गोत्रीला गेले. साड्यांच्या मागे माझ्या मेंदीची पाकिटं रांगेत उभी होती, पहिलं सोडलं तर एकही न फोडलेलं. शेजारी वही. "कंगव्यातले माझे केस: वाटी हातात धरवेना, केस विरघळला. पुन्हा केलं: तेच. शेजारणीचा न रंगवलेला केस: काही नाही. त्याच केसाला नव्या पाकिटातली मेंदी लावून: वाटी गरम. केस कापावे. वहिनींना सांगू नये."

मी तिथेच पलंगावर बसले. ज्यानं ती मेंदी दिली त्याला शोधून बदडावं असं पहिल्यांदा वाटलं. पण मग आठवलं, त्यानं सांगितलेला भाव मी निम्म्यावर आणला होता, आणि तो हात जोडून म्हणाला होता, "बेन, एटलामां तो पांदडां न आवे." एवढ्यात पानं येत नाहीत. मी ते व्यापाऱ्याचं रडगाणं समजले आणि जिंकल्यासारखी घरी आले.

पोती रिकामी केली, मेंदी बंद केली. अजून कोणी मागायला आलं तर का बंद केली ते सांगते, आणि आधी एक केस वाटीत टाका म्हणते. माझ्या गिऱ्हाइकांना सावध करण्याचं हे काम वन्सं पार्लरवालीमार्फत केव्हापासून गुपचूप करत होत्या, असंही मागाहून कळलं. दवाखान्यात जाऊन मी विचारलं, पाकिटं का नेत होतात?

"बंद केली असती तर तुम्ही कारण विचारलं असतंत," वन्सं म्हणाल्या. "मला खोटं बोलता येत नाही."

"आणि सांगितलं का नाहीत?"

"मुलांची शपथ घेतली होतीत, वहिनी. चारचौघांत."

आता त्यांचा हात मागे जात नाही. दर तिसऱ्या रविवारी मी गोत्रीला जाते आणि मागच्या बाजूला रंग लावते. त्या पुढून सूचना देतात, मला फक्त त्यांची मान दिसते. केस मऊ आहेत, पण मानेशी संपतात. माझ्या हाताला त्यापुढचे लागत नाहीत.

मी रोज कुणाशी तरी भांडते, आणि लोक माझ्याशी भांडतात. त्यात माझा जन्म गेला, त्याचं मला काही वाटत नाही. पण या बाईनं एकटीनं कात्री धरून कमरेएवढे केस उतरवले आणि माझ्यावर एकदा आवाजसुद्धा चढवला नाही. ते भांडण माझ्या हक्काचं होतं. हळदीकुंकवाला तुम्ही मला हसू का दिलंत, वन्सं? हातमोजे घालून मी तुमच्या मागे बसले आहे, रंग चढायला अर्धा तास आहे, आणि आज मी चष्मा पुसू देणार नाही. उत्तर द्या.