दोन दशम्या आणि बर्फाची लाँच

लाँच खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली होती आणि तिच्यातला बर्फ शांतपणे वितळत होता. फळ्यांमधून ठिबकणारं पाणी उन्हात चमकत होतं. धक्क्यावरून मी बघत राहिलो. इतकं सुंदर दृश्य, आणि ते माझ्या प्रोग्रॅमचं आउटपुट होतं!

प्रोग्रॅमर मंडळी जमली की कुणाची भाषा कोणती आणि कुणाचा प्रोग्रॅम किती हजार ओळींचा, हे सुरू होतं. माझी पाळी आली की मी सांगतो, बेसिक, चाळीस ओळी, रत्नागिरी. लोक हसतात. हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका बर्फाच्या कारखान्यात होतो. आमची लाँच खाडीबाहेरच्या मच्छीमार बोटींना बर्फ पोचवायची. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, त्यामुळे ऐन भरतीलाच बाहेर पडता येई. ती वेळ तीस वर्षं दाऊदचाचा ठरवत. ते आमचे तांडेल, म्हणजे लाँचचे कप्तान. मालक भाईशेटना मात्र नव्या कॉम्प्युटरचं भारी कौतुक.

"महिन्याच्या वेळा छापूनच दे," ते मला म्हणाले. "रोज चाचांच्या तोंडाकडे कोण बघणार?"

गंमत म्हणजे हिशेब मला चाचांनीच शिकवला. "तिथीची पाऊणपट करा साहेब. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. येवढाच हाय."

मी लूप लिहिला. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. रोज तिथी एकने वाढवायची, पाऊणपट करायची, वेळ छापायची. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे सरकत, आणि मला वाटे, बाहेरचा समुद्र माझ्या सांगण्यावरून वरखाली होतोय. कित्येक दिवस मी त्याच तंद्रीत होतो.

त्या दिवशी कागदावर सव्वाआठ होते. चाचा सातलाच ऑफिसात आले.

"शेट, पानी साडेसातला भरतंय. मग उतराया लागंल. भांगाचे दिवस, आधीच पानी कमी."

भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती बेताची असते तो काळ.

"चाचा, कागद काय म्हणतो?"

"सव्वाआठ."

"मग सव्वाआठ."

मी तिथेच होतो. सव्वाआठला लाँच सुटली आणि खाडीच्या तोंडाशी रुतली.

चढत्या पाण्यात रुतलेली लाँच पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात रुतली की पुढच्या भरतीपर्यंत बसायचं. म्हणजे संध्याकाळपर्यंत, आणि तोवर बर्फ कुठला राहतोय!

चाचा होडीने परत आले. भाईशेट कडाडले, "तीस वर्षांचा तांडेल लाँच वाळूत घालतो? उद्यापासून येऊ नका!"

चाचांनी कागदाचं नावही काढलं नाही. खाली मान घालून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. काल दशमी. आजही दशमी. कधी कधी एकच तिथी दोन दिवस येते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. माझ्या लूपने मात्र आज एकादशी करून टाकली होती आणि भरती पाऊण तासाने पुढे ढकलली होती.

तो प्रोग्रॅम वाचू शकणारा माणूस रत्नागिरीत मी एकटाच. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर बसलोही.

"शेट, चाचा बरोबर होते. चूक माझी आहे. आज दुसरी दशमी, प्रोग्रॅमने एकादशी धरली."

"एवढ्या महागाच्या मशीनला दशमी कळत नाही?"

"मशीनला मी सांगितलीच नाही."

भाईशेटनी कॅलेंडरवरच्या दोन्ही दशम्यांवर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाले, "चाचा, संध्याकाळी लाँच काढा. उद्याचा बर्फ भरायचाय."

जाता जाता चाचा मला म्हणाले, "असू दे साहेब. मी पन पहिल्या वर्षी दोनदा रुतवलीवती."

मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. आता तो सुरू झाला की थांबून आधी तिथी विचारायचा. ती कॅलेंडरवर असायचीच, तरी मी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन चाचांना विचारून यायचो. म्हणजे पूर्वी चालायचं तेच पुन्हा सुरू झालं, फक्त वाटेत एक कॉम्प्युटर आला.