सुनंदावैनीची साक्षीदार

"मूठ वळ."

डॉक्टर एवढंच बोलला. मी उजव्या हाताकडे बघितलं आणि वळायचा प्रयत्न केला. अंगठा हलला. बाकीची चार बोटं तशीच ताठ.

"वळ ना. घरी भाकऱ्या थापतेस की नाही?"

"नाय थापता येत, साहेब. सासू थापते."

टेबलामागे तिघं बसले होते. मेडिकल बोर्ड. कामावर अपघात झालेल्या माणसाच्या अंगाचं किती नुकसान झालं ते हे तिघं टक्क्यांत ठरवणार, आणि त्यावर कामगार विम्याचं आयुष्यभराचं पेन्शन ठरणार. मधल्याच्या हातात माझा कागद होता. त्यानं पत्ता वाचला.

"कोन. पनवेलजवळचं ना? आगरी का?"

"हो."

तो शेजारच्याकडे बघून हसला. "यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आलाय. दारात गाड्या उभ्या आहेत. आणि इथं पेन्शन मागायला येतात."

आमची जमीन नव्हती. माझा बाप मिठागरावर राबला, तेही दुसऱ्याच्या. हे मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो उठला. माझा पंजा त्यानं आपल्या हातात घेतला आणि चारही बोटं जोर लावून आत दाबली. मी ओरडले. डोळ्यांसमोर पांढरं झालं.

"बघा," तो बाकीच्या दोघांना म्हणाला, "वळते की मूठ. नाटकं."

आणि लिहिलं. मूठ वळते.

मी काय केलं? मी हसले. खरंच हसले. साहेब रागावू नये म्हणून माणूस हसतं तसं. पदरानं डोळे पुसले, "थँक्यू सर" म्हटलं आणि बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मला त्या डॉक्टरचा राग आला नाही. राग नंतर आला. आधी सुनंदावैनीचा हात आठवला. तिच्याबद्दल हेच मी लिहून दिलं होतं. नाटक करते. खोटं बोलते. फक्त त्या डॉक्टरपेक्षा माझं अक्षर चांगलं होतं.

आता ते सांगते. सांगताना मी स्वतःला सोडणार नाही.

तळोजाच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आम्ही दोघी पॉवर प्रेसवर होतो. डब्यांची पत्र्याची झाकणं कापायची. सुनंदावैनी आमच्याच आळीतली, माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. मला कामावर तीच घेऊन गेली. पत्रा कसा सरकवायचा, हात कधी मागं घ्यायचा, तिनंच शिकवलं. दोघीही ठेकेदाराकडे. मशीनच्या पुढं हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती काढून ठेवलेली. जाळी असली की माल कमी निघतो.

दुपारच्या पाळीत तिचा डावा हात आत राहिला. दोन बोटं गेली. मी शेजारच्याच मशीनवर होते. मशीन बंद केलं ते मी. माझी ओढणी तिच्या हाताला गुंडाळली तीही मी. टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती एकच बोलत होती, "घरी सांगू नको गो इतक्यात."

चौथ्या दिवशी ऑफिसातल्या साहेबानं मला बोलावलं. खुर्ची दिली. त्या ऑफिसात मला खुर्ची पहिल्यांदाच मिळाली.

"तू दहावी पास ना?"

"हो."

"कायम व्हायचंय ना तुला?"

मी मान हलवली. त्यानं कागद पुढं सरकवला. टाईप केलेला, मराठीत. सदर महिला त्या दिवशी कामावर हजर नव्हती. तिला इजा घरी म्हशीचा पेंढा कापताना झाली. कंपनीकडून भरपाई उकळण्यासाठी ती खोटं बोलत आहे. हे मला माहीत आहे. खाली माझं नाव. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असायची, ती आधीच बदललेली होती. फक्त साक्षीदार हवा होता.

मी तो कागद दोनदा वाचला. वाचता येत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सही केली. साहेब म्हणाला, "सही काय वळणदार आहे तुझी." मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून माझ्या अंगात काट्यासारखं आहे.

दोन महिन्यांनी मी कायम झाले. सुनंदावैनीला विम्याच्या ऑफिसातून पत्र आलं की अपघात कामावर झाल्याचं सिद्ध होत नाही. तिचं काम गेलं. तिचा नवरा जासईला कंटेनरच्या गोदामात हमालीला, त्याचं काम एक दिवस असायचं, दोन दिवस नसायचं. ती करंज्याहून सुकट, बोंबील आणून पनवेलच्या बाजारात विकायला बसू लागली. पाटी डोक्यावर घ्यायची तर दोन्ही हात लागतात. तिचा एकच धड.

आळीत ती मला काही बोलली नाही. भांडली असती तर मीही भांडले असते. नळावर मी आले की ती हंडा तसाच सोडून बाजूला व्हायची. मी पाणी भरून गेले की परत यायची.

दोन वर्षांवर काही महिने गेले आणि त्याच प्रेसनं माझा हात धरला. बोटं तुटली नाहीत, चेचली. दोन ऑपरेशनं झाली. माझा अपघाताचा रिपोर्ट कंपनीनं त्याच दिवशी पाठवला, अगदी नीट. कारण मी कायम होते. आणि कायम मी कशामुळे होते, ते वर सांगितलं.

बोर्डाचा निकाल घरी आला. कायमस्वरूपी अपंगत्व नाही. आजारपणाचे मिळत होते ते पैसे बंद. कंपनीचा निरोप आला, प्रेसवर हजर व्हा. विम्याच्या ऑफिसात गेले तर खिडकीवरचा माणूस कागद न बघता म्हणाला, "बोर्डाचं फायनल असतं, ताई."

परतताना बाजारातून आले. सुनंदावैनीसमोरून जायचं मी टाळायचे. त्या दिवशी पाय तिथंच थांबले. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. बराच वेळ.

"काय दिलं बोर्डानं?"

जवळजवळ तीन वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"काय नाय दिलं. फायनल हाय बोलले."

"फायनल नसते. अपील असते त्याला. तीन महिन्यांत करायचं. विम्याच्या दवाखान्यातली सिस्टर बोलली होती मला."

"मग तुमी का नाय केलं?"

ती बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "माझं बोर्डापर्यंत गेलंच नाय. मला कोर्टात जा बोलली ती. एक साक्षीदार आण, बोलली. साक्षीदार कोन होता गो माझा?"

मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि निघायला वळले.

"आमच्या घरी म्हस तरी हाय का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुझ्यासाठी नाय सांगत हे. माझ्या वेळेला कोनी सांगितलं नाय, म्हणून सांगते. जा आता, गिऱ्हाईक हाय."

पनवेलच्या कोर्टाजवळ कामगारांच्या केसेस घेणाऱ्या एक वकीलबाई होत्या. मी दोन्ही गोष्टी त्यांना सांगितल्या. माझी आणि तिचीही. त्यांनी नीट समजावलं. बोर्डाचा निकाल पटला नाही तर अपिलात जायचं, तिथं जज असतो आणि डॉक्टर नव्यानं बघतात. ऑपरेशनचे कागद जोडायचे. दुसऱ्या डॉक्टरचा दाखला घ्यायचा, त्यात दुसऱ्यानं दाबून बोटं किती वळतात ते नको, आपली आपण किती वळतात ते हवं. सुनंदावैनीचं वेगळं. अपघात कामावर झाला की नाही, हा वाद विमा कोर्टात जातो. त्याला तीन वर्षांची मुदत. त्यांनी तारखा मोजल्या. पाचेक आठवडे उरले होते.

"पण एक सांगते," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं लिहून दिलं होतं असं कबूल केलंत, तर ते तुमच्या अपिलातही वापरतील. ही बाई खोटं बोलते म्हणून. नोकरीही जाईल."

"मग आधी माझं होऊ दे का?"

"तोपर्यंत तिची मुदत संपेल."

मी घरी आले आणि आठ दिवस काही केलं नाही. हे लपवायचं नाही मला. आठ दिवस मी रोज तारीख बघितली आणि रोज स्वतःला सांगितलं की उद्या जाऊ. मनात एक कोपरा होता, मुदत आपोआप संपली तर बरं म्हणणारा. तो कोपरा माझाच. दुसऱ्या कुणाचा नाही.

नवव्या दिवशी ऑफिसातल्या साहेबानं बोलावलं. कुणी तरी मला वकीलबाईंकडे बघितलं असणार. पुन्हा खुर्ची.

"प्रेसवर नको जाऊस. पॅकिंगला बसवतो. बसून काम. फक्त यावर सही कर."

कागदावर लिहिलं होतं की माझी तब्येत पूर्ण बरी आहे, कंपनीविरुद्ध माझी काही तक्रार नाही आणि पूर्वी दिलेला माझा जबाब खरा आहे.

"उजव्या हातानं सही होत नाही, साहेब."

"मग अंगठा दे."

त्यानं शाईचं पॅड उघडून माझ्यापुढं ठेवलं. सहज. एखाद्याला पाणी द्यावं तसं. सुनंदावैनीनं ठेकेदाराच्या वहीत वर्षानुवर्षं अंगठे दिले होते. मी तिच्या शेजारी उभी राहून वळणदार सही करायचे आणि स्वतःला तिच्यापेक्षा वरची समजायचे. या माणसाच्या लेखी आम्ही कधीच वेगळ्या नव्हतो. मला ते समजायला माझा हात जावा लागला. तिचा गेला तेव्हा समजलं नाही, याची लाज त्या पॅडसमोर मला पहिल्यांदा पुरती वाटली.

"नाय देत," मी म्हटलं.

"काय?"

"अंगठा नाय देत. आनी तो पहिला कागद खोटा हाय. सुनंदा कामावर होती. मी शेजारी होते. हे मी कोर्टात सांगनार."

"नीट विचार कर. तुला पोरं आहेत."

"तिलाबी हायत."

मी उठले. गेटवर वॉचमननं पिशवी तपासली, रोजच्यासारखी.

त्याच दुपारी वकीलबाईंकडे गेले. नंतर सुनंदावैनीच्या दारात. आत बोलावलं नाही तिनं. मी उंबऱ्याबाहेरून सांगितलं. ती म्हणाली, "कधी जायाचं ते सांग," आणि आत गेली. तिचा अर्ज मुदतीच्या आत लागला. त्याला माझं शपथपत्र जोडलं.

नोकरी गेली. नवरा महिनाभर बोलला नाही. साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलानं मला उभं करून विचारलं, "तेव्हा तुम्ही खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"कायम व्हायला."

"म्हणजे फायद्यासाठी तुम्ही खोटं बोलता."

"बोलले," मी म्हटलं. "लिहून घ्या."

सुनंदावैनी मागच्या बाकावर होती. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही.

माझ्या अपिलात ते शपथपत्र आलंच, वकीलबाई म्हणाल्या होत्या तसं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी हात लावणार नाही. तुम्ही स्वतः बोटं वळवा." बोटं जेवढी वळली तेवढी मोजली. बोर्डाचा निकाल फिरला. मला पेन्शन लागलं. सुनंदावैनीच्या केसला त्यापेक्षा खूप जास्त वेळ गेला. शेवटी कोर्टानं मानलं की अपघात कामावरच झाला, मग तिला बोर्डासमोर नेलं आणि तिलाही लागलं. मधली वर्षं तिला कुणी परत दिली नाहीत. ती मी खाल्ली.

लोकांना वाटतं, आता आमच्यात गोड झालं असेल. नाही झालं. ती अजून मला घरात बोलावत नाही आणि तिचं बरोबर आहे. मी माफी मागितली नाही. मिळाली असती तर मी निवांत झाले असते, आणि मला निवांत व्हायचं नाही. कारखान्यांत प्रेस चालू आहेत, जाळ्या काढलेल्या आहेत, टाईप केलेले कागद तयार आहेत. कुणाचा हात गेला की मी त्याच्याबरोबर बोर्डाला जाते. दाराबाहेर नाही थांबत, आत जाते. आणि कुणी साक्षीदार कचरला तर त्याला पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते, माझ्या नावानिशी. मी काय केलं, ते ऐकून घे आणि मग कुठल्या कागदावर सही करायची ते ठरव.