पेवातलं चीज

आमच्या झरीच्या दूध केंद्रावर दुधापेक्षा किस्सेच जास्त जमा होतात. दूध निदान टँकर घेऊन जातो. किस्से इथंच राहतात आणि आंबत जातात. मी फॅट तपासते, बालाजी माप घेतो. चीजचा प्रकार आम्हा दोघांचाच. लोक हसायच्या तयारीनं ऐकायला बसतात, म्हणून हसण्यासारखं आधी सांगते.

*

केंद्रावर शेळीचं दूध आणते गयामावशी. पूर्वी तिचे मालक आणायचे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. उजव्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेलेलं, म्हणून गावात त्यांना सगळे 'चारबोटे' म्हणत. एकदा सत्काराला आलेल्या साहेबांना ते आडनावच वाटलं. माईकवरून पुकारा झाला, "श्रीयुत चारबोटे!" मामा गंभीरपणे स्टेजवर गेले, शाल घेतली आणि साहेबांशी हात मिळवला. साहेबांनी हातातला हात पाहिला आणि पुढचं भाषणच विसरले.

त्याच उन्हाळ्यात मामा ज्वारी काढायला पेवात उतरले. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड माणूस मावेल एवढं, खाली खोलीएवढी जागा. बंद पेवातली हवा मेलेली असते. मामा जिवंत वर आले नाहीत.

*

बारा वर्षांनी बालाजीला मोबाईलवर चीज दिसलं. शेळीच्या दुधाचं चीज शहरात लय चालतं म्हणे! त्यानं दूध घट्ट करायची पावडर मागवली, मावशीचं दूध घेतलं आणि पहिली चकती माझ्या फ्रीजमध्ये ठेवली. दोन दिवस लाईट नव्हती. सासूबाईंनी मेलेला उंदीर शोधायला कपाट ओढलं, पलंग उचलला, शेवटी नवऱ्याला अंघोळीला पाठवलं. मग फ्रीज उघडला. तेव्हापासून बालाजीला आमच्या घरी चहा मिळत नाही.

*

गार जागा हवी होती आणि परभणीचा उन्हाळा सुरू होता. मावशी आपण होऊन म्हणाली, "आमचं पेव हाय की. बारा वर्सं कुणी उतरलं न्हाई." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तिनं एकच अट घातली. आधी दोरीनं कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाई.

तिथं आम्ही तीन चकत्या फळीवर मांडल्या.

*

चीज रोज उलटवावं लागतं, नाहीतर खालची बाजू सडते. वरची बाजू कळावी म्हणून बालाजीनं हळदीचा ठिपका लावला. एक दिवस तो, एक दिवस मी. एकदा एकाच दिवशी तो पिंगळीला लग्नाला गेला आणि मी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला. आदल्या दिवशी वर असलेले ठिपके दुसऱ्या दिवशी खाली होते. त्याला वाटलं, मी उलटवलं. मला वाटलं, त्यानं. मावशीचे गुडघे गेलेले, ती शिडी उतरतच नाही.

आम्ही तिला विचारलं. शेळ्यांना पाला टाकता टाकता ती म्हणाली, "त्यायला सवय होती. पोत्याची थप्पीबी रोज हलवायचे. खालचं सडतं म्हणायचे."

त्यानंतर बालाजी पेवाजवळ मोठ्यानं बोलायचा नाही.

*

शेवटी चीज काढायचा दिवस आला. चार दिवस आम्ही दोघंही उतरायचं टाळत होतो, झाकण बंदच होतं, आणि नेमकं कंदिलातलं तेल संपलेलं. मीच म्हणाले, "मोबाईलची बॅटरी सोड की." मोबाईल दोरीला बांधून सोडला. तळाला लख्ख उजेड पडला, विझायचं नावच नाही. बालाजी उतरला.

बॅटरीला हवा लागत नाही, हे फॅटचं मशीन चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

खालून तो म्हणाला, "पुन्हा उलटवलंय," आणि धप्पकन आवाज आला. उजेड तसाच होता. मी हाका मारल्या. मी शिडीवर पाय ठेवला तोच मागून कुणीतरी माझी वेणी धरली. मावशी होती, गुडघे विसरून पळत आलेली.

"उतरू नको. एक गेला की मागं दुसरा जातो."

मग शिडी कुरकुरली. बालाजीचं डोकं पेवाच्या तोंडाशी आलं. डोळे मिटलेले, मान लुळी, दोन्ही हात खाली लोंबत असलेले. त्यानं शिडी धरलेलीच नव्हती. आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून ओढलं. त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि ओकला. मी तिथंच रडायला लागले.

मावशीनं घरातून समई आणली, पेटवून दोरीनं खाली सोडली. अर्ध्यावरच ती विझली.

बालाजी उठून बसला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर मला पांढऱ्या ओल्या बुरशीचा पंजा दिसला. अंगठा, त्याशेजारचं बोट, मग मोकळी जागा, मग दोन बोटं.

मावशीनं त्यावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"शर्ट मला दे," ती म्हणाली. "धुऊ नको."